'मागीलदार': शॉर्टफिल्मच्या आधी प्रेक्षक शोधतानाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

टी.वाय.च्या फिल्म प्रोजेक्टचा ग्रुप फायनल झाला. चौघं आहोत. स्क्रिप्ट आणि डायरेक्शन माझ्याकडे, बाकी कॅमेरा, साउंड आणि एडिट एकेकाकडे. या नोंदींमध्ये सगळ्यांना कामावरूनच लिहिणार आहे, कारण हे फोल्डर डिपार्टमेंटला जमा होणार आणि पुढे ज्यांच्याशी बोलू त्यांचीही नावं कुठे येता कामा नयेत.

गोष्ट कोकणातली, भुताची. डोंबिवलीत वाढलेली सतरा वर्षांची मुलगी गणपतीला कुडाळजवळच्या गावी जाते, रात्री लाईट जाते, मागीलदारच्या, म्हणजे घरामागच्या अंगणातल्या मांगरात (सामान ठेवायच्या खोपीत) राहिलेलं काहीतरी आणायला तिला एकटीला जावं लागतं आणि परत येताना विहिरीच्या बाजूने काठी आपटल्याचा आवाज तिच्या मागे मागे येत राहतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये शेवटी तो आवाज तिला गाठतो आणि स्क्रीन काळी होते. नाव सध्यापुरतं 'मागीलदार'.

मॅडमनी शूटिंगच्या आधी ऑडियन्स रिसर्च वेगळा मागितलाय. "आमचा प्रेक्षक म्हणजे १५ ते २५ वयोगटातली तरुणाई" एवढं लिहून आणलंत तर घेणार नाही असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि मला ते पटलं, कारण १५ ते २५ मध्ये माझा गावी राहणारा चुलतभाऊ पण येतो आणि माझ्या वर्गातली, कधी पनवेलच्या पुढे न गेलेली मैत्रीण पण येते, आणि या दोघांना एकाच गोष्टीची भीती वाटेल असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

१९ जून

गूगल फॉर्म बनवायला बसलो. पहिला प्रश्न सगळ्यांनी एकमताने टाकला होता, "तुम्हाला हॉरर आवडतं का?" साउंडवाली म्हणाली याचं उत्तर हो आलं तर आपण वेगळं काय करणार आणि नाही आलं तर काय करणार? दोन्हीचं उत्तर "काहीच नाही" होतं, म्हणून तो प्रश्न काढला. मग हाच नियम सगळ्या प्रश्नांना लावला, ज्या उत्तराने फिल्ममधली एकही गोष्ट बदलणार नाही तो प्रश्न फॉर्ममध्ये ठेवायचा नाही.

त्यातून उरलेले प्रश्न असे. शेवटचा कुठला व्हिडिओ पूर्ण पाहिलात, कुठे बसून, कोणाबरोबर, हेडफोन लावून की स्पीकरवर. गावच्या घरात रात्री मागच्या दारी एकटे जाता का. लहानपणी गावाला तुम्हाला कशाची भीती घातली होती आणि कोणी घातली होती. मालवणी कळते का, बोलता का, कोणाशी बोलता. वर्षातून गावी कधी कधी जाता.

मत विचारण्यापेक्षा प्रत्यक्ष काय केलं ते विचारलेलं बरं असं माझं ठाम मत झालंय. आवडनिवड विचारली की माणूस थोडा चांगला दिसण्यासाठी उत्तर देतो, शेवटचा व्हिडिओ कुठे बसून पाहिला ते विचारलं की खरं सांगतो.

२६ जून, गुरुवार

आज २५ ऑगस्टच्या, म्हणजे गणपतीला गावी जायच्या गाड्यांचं बुकिंग उघडलं. गेल्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आगाऊ रिझर्व्हेशन १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलंय, त्यामुळे बरोबर आजची सकाळ. ८ वाजता खिडकी उघडते आणि कोकणकन्या, तुतारी, मांडवी सगळ्या बघता बघता वेटिंगवर जातात. मी पहाटेच दादरला खिडकीवर जाऊन उभी राहिले. तिकीट पण हवं होतं आणि प्रेक्षक पण तिथेच होता. आपल्या गोष्टीतली मुलगी ज्या घरातून निघते ती सगळी घरं त्या रांगेत उभी होती.

रांगेत वेळच वेळ असतो म्हणून लोक बोलतात. बहुतेक मोठी माणसं होती, काही जण घरच्यांनी पाठवलेली कॉलेजची पोरं. प्रवासात काय बघता विचारलं तर एका काकांनी नीट समजावून सांगितलं की पोरं आदल्या रात्री वायफायवर सगळं डाउनलोड करून ठेवतात कारण रोह्याच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही, आणि रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की मग काहीच चालत नाही. शिवाय डब्यात हेडफोन एकाचा आणि बघणारे तीन असं असतं म्हणे.

ही माहिती फॉर्ममधून मिळाली नसती. आपली फिल्म स्ट्रीम करून बघितली जाईल हे आम्ही गृहीतच धरलं होतं. जो प्रेक्षक आम्ही डोळ्यासमोर ठेवलाय तो बहुतेक फाईल पाठवून घेणार, ठेवणार, आणि दुसऱ्याला पाठवणार.

५ जुलै

आज जरा थिअरी. मार्केट रिसर्चवाले घरांचे वर्ग पाडायला एनसीसीएस (न्यू कन्झ्युमर क्लासिफिकेशन सिस्टिम) वापरतात, २०११ पासून जुन्या एसईसीच्या (सोशिओ-इकॉनॉमिक क्लासिफिकेशनच्या) जागी हे आलं. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी किती घरात आहेत, यावरून ए, बी, सी असे वर्ग पडतात. मॅडमनी ते लावून बघा म्हटलं होतं म्हणून आम्ही आमच्याच घरांना लावलं.

डोंबिवलीचा आमचा फ्लॅट वरच्या वर्गात बसतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप सगळं आहे. गावचं घर, जिथे आता वर्षभर फक्त आत्ये आणि काका असतात, ते खाली घसरतं. पण गणपतीत दोन्ही घरांतली माणसं एकाच पडवीत एकाच टीव्हीसमोर बसतात, तेव्हा त्यांना कुठल्या वर्गाचा प्रेक्षक म्हणायचं? जाहिरातदाराला साबण विकायचा असतो त्याच्यासाठी हे वर्ग ठीक आहेत, आमच्या फिल्मला त्यातून हाती लागतं ते इतकंच की आमचा प्रेक्षक ऋतूप्रमाणे जागा बदलतो. मला याच्यापुढे प्रेक्षकाचं वर्णन वर्गाने न करता प्रसंगाने करावंसं वाटतंय, म्हणजे कोण, कुठे, कुठल्या वेळी, कोणाच्या शेजारी बसून बघणार.

१३ जुलै, रविवार

लालबागला आमच्या गावच्या मंडळाची गणपतीआधीची मीटिंग होती, बाबांबरोबर गेले. गावाच्या नावाची ही खोली गिरणीच्या काळापासून आहे. तेव्हा गावाहून आलेला पोरगा आधी अशा खोलीत पथारी टाकायचा आणि मग मिलमध्ये चिकटायचा. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, माणसं हळूहळू डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी पांगली. मीटिंगला आलेले बहुतेक जण तासदीड तास प्रवास करून आले होते.

हे इथे लिहितेय कारण प्रेक्षक कुठे राहतो हा रिसर्चचा भागच आहे. कोकणची गोष्ट म्हणजे प्रेक्षक कोकणात असं वाटतं, पण आमचा मोठा प्रेक्षक सेंट्रल आणि वेस्टर्न लाईनच्या टोकांना राहतो.

मीटिंग संपल्यावर चहाच्या वेळी विचारलं, लहानपणी कसली भीती घातली होती. जे सुटले ते सुटलेच. चकवा लागला आणि माणूस रात्रभर एकाच शेतात फिरत राहिला, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावर कोणीतरी तंबाखू मागितली, टिटवी घरावरून ओरडत गेली. सगळे एकदम बोलायला लागले आणि बोलता बोलता मालवणीत गेले, फोनवर आणि माझ्याशी प्रमाण मराठी आणि गजालीत (गप्पांत) घुसले की मालवणी, ते त्यांना स्वतःला जाणवलंही नाही. मी रेकॉर्ड करायची परवानगी घेतली होती, घरी येऊन ऐकलं तर भुताचं नाव आलं की सगळ्यांचा आवाज खाली जातो. मालवणीत भुताची गोष्ट सांगताना माणूस ओरडत नाही, कुजबुजतो. साउंडवालीने हे ठळक लिहून ठेवलंय, आमच्या फिल्ममध्ये जोरात दचकवणारा आवाज असावा की नाही यावर तिचं मत आजच बदललं.

डायलॉग मालवणीत ठेवायचे हे मात्र मीटिंगमध्येच पक्कं झालं. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर आणली आणि मुंबईच्या प्रेक्षकाने ती डोक्यावर घेतली, हे त्या खोलीतल्या प्रत्येक काकांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं.

२४ जुलै

फॉर्मची उत्तरं वाचतोय. कॉलेजातल्या ओळखीच्यांची उत्तरं खूप आणि गावाकडची कमी, हा कल लक्षात घेऊनच वाचावं लागतंय, त्यामुळे टक्केवारी काढत नाही. फक्त जे वारंवार येतंय ते.

मुंबईत जन्मलेल्या मुलामुलींना मालवणी पूर्ण कळते पण ते उत्तर मराठीतच देतात. आजीशी बोलताना दोन-चार शब्द वापरतात. त्यांना गावी रात्रीची भीती वाटते पण त्यात भूत फार खाली आहे, आधी अंधार, मग साप, मग "आवाज कसला ते कळत नाही" हे. हे तिसरं मला सर्वात मोलाचं वाटतं. शहरात प्रत्येक आवाजाचा मालक माहीत असतो, लिफ्ट, कुकर, वरच्या मजल्यावरची खुर्ची. गावी रात्री माडाचं चुडत (झावळी) कौलांवर पडलं की गावातल्या माणसाला ते चुडत असतं आणि यांना ते काहीही असू शकतं.

दुसरं म्हणजे मुलींच्या उत्तरांत एक नाराजी सारखी येते. भूत नेहमी बाईच का, केस सोडलेली, पांढरी साडी, बाळंतपणात मेलेली. एकीने लिहिलंय की हडळीच्या गोष्टी ऐकून तिला भूतापेक्षा त्या बाईचंच वाईट वाटायचं. आमच्या गोष्टीत बाईचं भूत नव्हतंच, पण आता ते चुकूनही कुठल्या शॉटमध्ये सुचवलं जाऊ नये हे स्क्रिप्टवर लिहून ठेवलं. खिडकीतल्या साडीचा एक शॉट होता तो काढला.

२ ऑगस्ट

टेस्ट क्लिप केली. मिनिटभराची, फक्त आवाज आणि एक स्थिर शॉट, अंधारी पाणंद. रातकिडे चालू, मग एकदम थांबतात, मग जांभ्या चिऱ्यावर काठी आपटल्याचा आवाज, टक, बराच गॅप, टक. काठीचा आवाज साउंडवालीने तिच्या बिल्डिंगच्या जिन्यात रेकॉर्ड केला कारण चिरा इथे मिळेना, गावी गेल्यावर खरा घ्यायचाय.

दोन गटांना वेगवेगळं दाखवलं. एक कॉलेजचा, एक आमच्या बिल्डिंगमधल्या कोकणातल्या आईबाबांचा. मुलं आणि आईबाप एकत्र बसवले नाहीत, मोठ्यांसमोर मुलं घाबरल्याचं कबूल करत नाहीत आणि मुलांसमोर मोठे भुताचं बोलत नाहीत. १८ च्या खालच्या मुलांना घेताना घरच्यांची परवानगी घेतली.

कॉलेजचा गट बरोबर काठीच्या दुसऱ्या आवाजाला गप्प झाला. मोठ्यांच्या गटात मात्र काठीचा आवाज आल्यावर एक काकू सहज म्हणाल्या, "राखणदार आसा." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. घाबरलं कुणीच नाही. उलट रातकिडे थांबले तेव्हा ते जास्त सावध झाले होते, काठी आल्यावर सैल झाले.

कॅमेरावाल्याने दोन्ही गटांच्या चेहऱ्यांचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून दाखवलं. एकाच सेकंदाला एका बाजूचे खांदे वर जातात आणि दुसऱ्या बाजूचे खाली येतात.

३ ऑगस्ट

काल रात्रभर यावरच बोलत होतो. स्टुअर्ट हॉलची एन्कोडिंग-डिकोडिंगची थिअरी एस.वाय.ला शिकलो होतो, १९७३ ची, की बनवणारा एक अर्थ घालतो आणि बघणारा आपल्या जागेवरून तो स्वीकारतो, थोडा बदलून घेतो किंवा उलटा वाचतो. पेपरात लिहिताना ती नुसती तीन पॉइंटची होती. इथे ती आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलेली दिसली.

प्रश्न असा आहे की आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये काठीवाला हाच धोका आहे. शहरातल्या पोरांना तो शेवट आवडेल. पण आमच्या गावाकडच्या प्रेक्षकाला आम्ही त्याच्या राखणदारालाच राक्षस केलेलं दाखवणार. राखणदार म्हणजे गावाची, वाडीची राखण करणारा, कुठे त्याला देवचार म्हणतात. आमच्याकडे सांगतात की तो खांद्यावर कांबळं, हातात काठी घेऊन रात्री हद्दीवरून फिरतो, त्याला नारळ आणि विडी ठेवतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गावात फेरी मारतो आणि त्या झिजतात ही श्रद्धा आहे. ज्या माणसांना लहानपणापासून रात्रीच्या त्या पावलांचा आधार वाटलाय त्यांच्यासमोर तो मुलीला खेचून नेतो असं दाखवायचं, ते पण त्यांच्याच पडवीत बसून, मला हे करवत नाही. आणि ही फक्त भावना दुखावण्याची भीती नाहीये, त्यांच्यासाठी ती फिल्म चालणारच नाही, कारण ज्या आवाजाला घाबरायचं तिथे ते निवांत होतात.

एडिटरचं म्हणणं प्रायमरी प्रेक्षक एकच धर, दोन्ही खूष करायला गेलं की दोन्ही जातात. त्याचं बरोबर आहे. फक्त आमचा प्रायमरी प्रेक्षक कोण हेच तर अजून ठरायचंय, तो निर्णय गावी जाऊन आल्यावर घ्यायचा असं ठरलं.

२० ऑगस्ट

दोन दिवस मुंबईत भयंकर पाऊस, काल लोकल कोलमडल्या होत्या, म्हणून मीटिंग व्हिडिओ कॉलवर.

आज डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन, २०१३ मध्ये याच दिवशी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. एडिटरने मुद्दाम आज विषय काढला की आपला प्रेक्षक सतरा वर्षांचा आहे, आपली फिल्म बघून त्याचा विश्वास कशावर बसणार? दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला, तो गोष्टी सांगण्यावर बंदी घालत नाही, तो लोकांना फसवणाऱ्या आणि छळणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्ध आहे, पण फिल्मने त्या प्रथांना हातभार लावू नये ही जबाबदारी आपली. मला हे पूर्ण मान्य आहे.

ठरलं ते असं. भगत नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही, कुणाला बाधा झाली आणि बुवाने बरं केलं असलं काही नाही. काठी कोणाची हे फिल्म ठामपणे सांगणार नाही, शेजारचा एखादा म्हातारा विहिरीवर आला असेल असंही वाटायला जागा राहील. श्रद्धा असलेल्याला त्याचा राखणदार दिसेल आणि नसलेल्याला शेजारी.

२५ ऑगस्ट, गाडीत

डब्यात पाय ठेवायला जागा नाही. समोरच्या सीटवर तीन पोरं एका फोनवर काहीतरी बघतायत, फोन उभा धरून नाही, आडवा. ब्राइटनेस फुल्ल, आवाज स्पीकरवर, आणि भोवती भजन चालू. आमची फिल्म इथे चालली पाहिजे. साउंडवालीला मेसेज टाकला की आपल्या साउंडमधला ड्रोन, म्हणजे सतत घुमणारा खालचा सूर, या स्पीकरवर ऐकूच येणार नाही, फोनचा छोटा स्पीकर इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सी वाजवतच नाही. काठीची टक मात्र येईल, ती वरच्या पट्टीत आहे. म्हणजे भीती ड्रोनवर टाकायची नाही, काठीवर आणि शांततेवर टाकायची.

२८ ऑगस्ट, गावी

काल गणपती बसले. माटवीला (गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला) काकड्या, सुपाऱ्या, कांगण्या, आंब्याचे टाळ सगळं बांधून झालं, मी नोंदी करायला आज बसतेय.

फिल्म दाखवायची वेळ कुठली हे मला इथे आल्यावर दिसलं. रात्री आरत्या होतात, मग वाडीतलं भजन घरोघर फिरत येतं, प्रत्येक घरी चहा नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ, आणि भजन पुढच्या घरी गेलं की पाठी जे राहतात त्यांना झोप येत नसते. बाया आवरत असतात, पोरं पडवीत लोळत असतात, म्हातारे पान लावतात. त्या मोकळ्या वेळेत गजाली होतात आणि भुताचं निघतंच. आमची फिल्म त्या वेळेची आहे. पंधरा मिनिटांच्या वर ती वेळ टिकत नाही, मग कोणीतरी उठतं. म्हणून लांबी १२ ते १४ मिनिटं. मूळ प्लॅन वीसचा होता.

काकांच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघितला. एच.२६४ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटची एमपी४ चालली, नव्या एच.२६५ वाली फाईल त्याने घेतलीच नाही. एडिटरला कळवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की अंधाराचे सगळे शॉट्स चौकोन चौकोन होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशाच्या तसा जातो आणि २ जीबीपर्यंत चालतं, तर तेच सांगून पाठवायचं.

३० ऑगस्ट

गावी कायम राहणारी पोरं. चुलतभाऊ आणि त्याचे मित्र, रात्री तिठ्यावर बसलेली असतात. टेस्ट क्लिप त्यांना दाखवली, स्क्रिप्टपण थोडी सांगितली.

यांनी जे सांगितलं ते दुसरं कुणी सांगूच शकलं नसतं. स्क्रिप्टमध्ये मुलगी कंदील घेऊन निघते. चुलतभाऊ म्हणाला, "कंदील खयसून हाडलंस? लाईट गेली की आमी मोबायलाची बॅटरी लावतंव." (कंदील कुठून आणलास, आम्ही मोबाईलचा टॉर्च लावतो.) विहिरीवर रहाट लिहिला होता, इथे सगळीकडे पंप आहे, रहाट मोडून पडलेला. आणि त्यांना रात्री भीती कसली तर गव्याची. बाईक समोर गवा उभा राहिला तर काय करायचं हे त्यांनी मला फार मन लावून समजावलं. भुताच्या फिल्म ते बघतात पण त्यांना त्यातलं कोकण खोटं वाटतं, धूर सोडलेला, सगळीकडे कंदील, आणि प्रत्येक म्हातारा वेड्यासारखा हसणारा.

कंदील गेला. त्याऐवजी मुलीच्या हातात फोन, चार टक्के बॅटरी. यातून सस्पेन्स आपोआप तयार होतो कारण फोनचा टॉर्च कधीतरी बंद होणार हे पडवीतल्या लहानातल्या लहान पोराला पण कळतं. आणि लाईट गेल्यावर बाकी घर काय करतं ते पण त्यांनीच सांगितलं, सगळे आपापले टॉर्च लावून मीटरकडे जातात, त्यामुळे मागीलदारी ती एकटीच का जाते याला नीट कारण हवं.

१ सप्टेंबर

काल गौरी आल्या, आज पूजन आणि ओवसे (नव्या सुनांनी गौरीला सुपं वाहायची पद्धत). दुपारी बाया जरा मोकळ्या झाल्यावर आत्येबरोबर शेजारच्या आजींकडे बसले. त्यांना मी फिल्म वगैरे काही न सांगता फक्त काठीचा आवाज ऐकवला, आजच पहाटे आमच्या खळ्यातल्या (अंगणातल्या) चिऱ्यावर रेकॉर्ड केलेला.

आजी ऐकून म्हणाल्या, "काठयेचो आवाज इलो काय समजाचा, कोणतरी वांगडा आसा." वांगडा म्हणजे सोबत. मी विचारलं भीती नाही वाटायची? म्हणाल्या, "तो घाबरवूक येणा नाय गो बाये. आमी न्हान असताना नाटकासून रात्री एकट्यो येवचो, तेवा तो घराकडे पोचवून जायचो."

नाटक म्हणजे दशावतार. जत्रेत रात्रभर चालायचा, पहाटे संपायचा, आणि मुली अंधारात पाणंदीने घरी चालत यायच्या. त्या अंधारात घरी परतणाऱ्या मुलींना ज्याचा आधार वाटला तो हा आवाज. त्यांनी हे सांगताना आत्येने माझ्याकडे बघितलं, तिलापण आपल्या आईकडून हेच कळलं होतं आणि मला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं, कारण मी मे महिन्यात आणि गणपतीत येणारी, मला फक्त "रात्रीचा भायर जाव नको" एवढंच सांगितलं गेलं. भीती तेवढी आमच्यापर्यंत आली, आधार मागे राहिला.

मला वाटतं फिल्म इथे आहे.

५ सप्टेंबर, डोंबिवली

परत आलो. ग्रुपला आजींचं रेकॉर्डिंग ऐकवलं (त्यांच्या परवानगीने, नाव न घेता). बराच वेळ कुणी बोललं नाही, मग कॅमेरावाला म्हणाला की शेवट बदलायला लागणार.

नवा शेवट असा. मुलगी पळते, टॉर्च विझतो, काठी मागे येतच राहते, एका क्षणी तीसुद्धा थांबते आणि काठीसुद्धा थांबते. ती पाऊल टाकते, काठी वाजते. तिला हळूहळू कळतं की आवाज तिला गाठत नाहीये, तो तिच्या चालीने चालतोय. ती चालायला लागते. घराच्या खळ्यापर्यंत आल्यावर आवाज राहतो मागे. पडवीत आजी जागी असते, विचारते, "एकटीच इलंस?" आणि मुलगी पहिल्यांदाच मालवणीत उत्तर देते. काय उत्तर देते ते अजून लिहिलं नाहीये, त्यावर आमचं भांडण चालू आहे.

यात दोन्ही प्रेक्षकांचा निर्णय झाला. प्रायमरी प्रेक्षक, मुंबई-ठाण्याच्या उपनगरात वाढलेली, वर्षातून दोनदा गावी जाणारी, मालवणी कळणारी पण न बोलणारी चाकरमान्यांची मुलंमुली, साधारण १४ ते २२. ती गोष्टीतल्या मुलीबरोबर घाबरतील आणि तिच्याबरोबरच त्यांची भीती उतरेल. त्यांच्या शेजारी बसलेली आत्ये, काकी, आजी हा दुसरा प्रेक्षक. तिला पहिल्या टकेपासून माहीत असेल कोण आलंय, ती पोरांकडे बघत बसेल. पहिल्या ड्राफ्टमध्ये हे दोघं एकमेकांच्या विरुद्ध होते, आता फिल्म बघायला दोघं एकत्रच हवेत. एडिटरने पण मान्य केलं, तो म्हणाला आता हे दोन प्रेक्षक नाहीत, हा एका घराचा प्रेक्षक आहे.

फेस्टिवलचा प्रेक्षक तिसरा. त्यांच्यासाठी सबटायटलवाली वेगळी कॉपी, त्यात राखणदार शब्द एकदाच येईल आणि त्याचं स्पष्टीकरण देणार नाही. गावच्या कॉपीला सबटायटल नाहीत. ज्यांना डोळ्याला कमी दिसतं ते पण बघणार आहेत, आणि खाली अक्षरं आली की लोक चेहऱ्याऐवजी अक्षरं बघतात.

१४ सप्टेंबर, रविवार

मॅडमना फोल्डर दाखवलं. त्यांनी विचारलं की शहरातला कोकणाशी काही संबंध नसलेला मुलगा ही फिल्म बघेल का. बघेल असं वाटतं, त्याने टेस्ट क्लिपला बरोबर त्याच सेकंदाला श्वास रोखला होता, पण त्याच्यासाठी म्हणून एकही शॉट वाढवणार नाही. मॅडम म्हणाल्या हे असंच लेखी लिहा, कोणासाठी नाही हेपण प्रेक्षकाच्या वर्णनात आलं पाहिजे. म्हणून लिहितेय, 'मागीलदार' जंप स्केअर (अचानक दचकवणारे क्षण) मोजायला बसलेल्या प्रेक्षकासाठी नाही.

शूटच्या आधीची कामं. रात्रीचे शॉट्स फोनवर, फुल्ल लाईट लावलेल्या खोलीत बघून मगच एक्स्पोजर फायनल करायचं, एडिट रूमच्या मॉनिटरवर अंधार छान दिसतो आणि पडवीतल्या ट्यूबलाईटखाली काहीच दिसत नाही. साउंड मिक्स आधी फोन स्पीकरवर, मग काकांच्या टीव्हीवर, सगळ्यात शेवटी हेडफोनवर तपासायचा. काठी खऱ्या चिऱ्यावरचीच वापरायची. दिवाळीच्या सुट्टीत शूट, म्हणजे पाऊस गेलेला आणि रातकिडे अजून असतील. शिमग्याला सगळे परत गावी येतील तेव्हा पहिला शो आमच्याच पडवीत, पेनड्राइव्हवर.

मुलीच्या भूमिकेसाठी खरोखर मालवणी न बोलणारी, पण घरात ऐकत वाढलेली मुलगी हवीय, दिवा आणि बदलापूरच्या मंडळांच्या ग्रुपवर आज मेसेज टाकलाय. बुधवारी तिसऱ्या ड्राफ्टचं वाचन आहे, आत्ये व्हिडिओ कॉलवर येणार आहे आणि आजीचे डायलॉग तीच वाचणार आहे, जे तोंडात बसणार नाही ते ती तिथल्या तिथे बदलेल.